हातचा नसलेली संख्या

आपल्याकडे मोठ्या संख्येला मान मिळतो तो तिच्यामागे रुपये लागले तरच. अर्थसंकल्पातली तूट, घोटाळ्याची रक्कम, क्रिकेटपटूवर लागलेली बोली, हे आकडे आपण चहाच्या घोटाबरोबर सहज गिळतो आणि त्यावर तावातावाने बोलतोही. पण जिच्यामागे रुपये नाहीत, टक्के नाहीत, कोणाचे मार्क नाहीत, अशी एखादी नुसती, मोकळी संख्या समोर ठेवली की माणसे म्हणतात, 'बरं मग? हिचं करायचं काय?' मी उभी हयात बँकेत काढली. रत्नागिरी जिल्ह्यातल्या शाखांतून हिंडलो, लेजरे भरली, तपासली आणि शेवटी दुसऱ्यांनी भरलेल्यांवर सह्या केल्या. त्या सगळ्या वर्षांत माझ्या हाताखालून गेलेली प्रत्येक संख्या कोणाच्या तरी मालकीची होती. म्हणूनच निवृत्तीनंतर मला बिनमालकीच्या संख्यांचा लळा लागला असावा. त्यातली एक आज वाचकांपुढे ठेवणार आहे. ती अशी:

१२३४५६७८९८७६५४३२१.

सतरा अंकी आहे. एकापासून नऊपर्यंत चढत जाते आणि त्याच पायऱ्यांनी खाली उतरते. 'रामाला भाला मारा' हे वाक्य जसे उलटे वाचले तरी तेच राहते, तशी ही संख्या डावीकडून वाचा की उजवीकडून, तीच. आपल्या पद्धतीने स्वल्पविराम दिले तर ती १२,३४,५६,७८,९८,७६,५४,३२१ अशी दिसते. आता ती मोठ्याने वाचा बरे! कोटीपर्यंत आपली जीभ सरळ चालते, पुढे अडखळते. पण भास्कराचार्यांच्या 'लीलावती'त, म्हणजे इसवी सन ११५० च्या सुमारास, एकं-दहंपासून परार्धापर्यंत अठरा स्थानांना अठरा नावे दिलेली आहेत. त्यांच्या आधाराने वाचायचे तर एक मध्य, दोन अंत्य, तीन जलधि, चार शंकू, पाच महापद्म, सहा निखर्व, सात खर्व, आठ अब्ज, नऊ अर्बुद, आठ कोटी, सात प्रयुत, सहा लक्ष, पाच अयुत, चार सहस्र, तीन शते, दोन दहं आणि एक. परार्धाला एकच पायरी कमी! आपल्या पणजोबांच्या पिढीतल्या मुलांना ही नावे पाठ असत. आज ती लग्नपत्रिकेतल्या संस्कृत श्लोकासारखी झाली आहेत. छापलेली असतात, वाचत कोणी नाही.

ही संख्या किती मोठी? हे रुपये आहेत असे घटकाभर धरले आणि देशातल्या एकशेचाळीस कोटी माणसांत सारखे वाटले, तर प्रत्येकाच्या वाट्याला सुमारे अठ्ठ्याऐंशी लाख येतील. सेकंदाला एक या वेगाने, न झोपता, न जेवता मोजत बसलो तर सुमारे एकोणचाळीस कोटी वर्षे लागतील. मात्र तिचे मोठेपण हा तिचा खरा गुण नव्हे. मोठ्या संख्या हव्या तेवढ्या सांगता येतात; शाळेतल्या पोरांच्या भांडणात 'तुझ्यापेक्षा एक जास्त' म्हटले की झाले. तिचा गुण असा की ती एवढी मोठी असूनही चौथीतल्या मुलाच्या मुठीत मावते. कारण ती म्हणजे १११११११११ चा वर्ग आहे. नऊ वेळा एक लिहा आणि त्याला त्यानेच गुणा.

हे असे का होते, ते समजायला मोठे गणित लागत नाही. आधी लहान उदाहरण घ्या. १११ ला १११ ने गुणताना आपण पाटीवर एकाखाली एक अशा तीन ओळी मांडतो: पहिली १११, दुसरी तीच पण एक घर डावीकडे सरकलेली, तिसरी आणखी एक घर सरकलेली. आता उभ्या बेरजा करा. उजवीकडच्या शेवटच्या घरात एकच एक आहे. त्याच्या डावीकडे दोन, मधल्या घरात तीन, पुढे पुन्हा दोन, मग एक. उत्तर १२३२१. म्हणजे त्या उत्तरातले अंक हे दुसरे काही नसून प्रत्येक घरात किती एक उभे राहिले त्याची मोजदाद आहे. नऊ ओळी मांडल्या की मधल्या सर्वात उंच रकान्यात नऊ एक येतात. नऊची बेरीज नऊ. हातचा नाही!

हा 'हातचा' शब्द फार गोड आहे. एका घरात न मावलेले दुसऱ्या घराला देण्यासाठी आपण ते तेवढ्यापुरते हातात धरतो, म्हणून हातचा. सतरा रकान्यांची बेरीज आणि एकाही ठिकाणी हातचा धरावा लागत नाही, हे या संख्येचे सगळे रहस्य आहे. आणि हे रहस्य नेमके नवापर्यंतच टिकते. दहा एकांचा वर्ग करायला गेलात की मधल्या रकान्यात दहा जमतात, शून्य लिहून एक हातचा धरावा लागतो, तो डावीकडच्या नवाला जाऊन भिडतो, तिथेही दहा होतात, आणि तो हातचा पुढे आठावर जाऊन त्याचा नऊ करून थांबतो. उत्तर येते १२३४५६७९००९८७६५४३२१. चढणीवरचा आठ गायब आणि शिखराच्या जागी दोन शून्यांचा खड्डा!

या संख्यांना एक नाव आहे, आणि ते ऐकून मराठी माणसाला हसू फुटल्याशिवाय राहत नाही. त्यांना 'डेम्लो' संख्या म्हणतात. हे कोणा ग्रीक किंवा इटालियन गणितज्ञाचे नाव नव्हे. जुन्या जी. आय. पी. रेल्वेवर मुंबईपासून तीस मैलांवर जे स्टेशन होते, आपली आजची डोंबिवली, त्यावरून ते पडले. कारण या संख्यांचा अभ्यास करण्याची कल्पना ज्यांना सुचली, त्यांना ती तिथे सुचली. ते म्हणजे दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर. पॅरिस, केंब्रिज, गॉटिंगेन अशी नावे गणिताच्या इतिहासात मिरवतात. त्यांच्या पंगतीला आपल्या डोंबिवलीचे पान मांडणारा हा माणूस देवळालीच्या शाळेत शिक्षक होता.

कापरेकरांचा जन्म १९०५ साली डहाणूला झाला. ते आठ वर्षांचे असताना आई गेली. वडील कारकून. शाळा ठाण्याला, पुढे पुण्याचे फर्ग्युसन महाविद्यालय. १९२९ साली बी. एस्सी. झाले आणि १९३० पासून १९६२ पर्यंत देवळालीला मुलांना शिकवत राहिले. पदव्युत्तर शिक्षण नाही, विद्यापीठातली खुर्ची नाही. १९३८ साली 'मॅथेमॅटिक्स स्टुडंट' या नियतकालिकात त्यांनी डेम्लो संख्यांवर लिहिले. परिषदांना जायचे, सापडलेली गंमत सांगायची, स्वतः छोट्या पुस्तिका छापायच्या. निवृत्तीनंतर पेन्शन पुरेना म्हणून शिकवण्याही कराव्या लागल्या. लोक त्यांना 'गणितानंद' म्हणत, ते काही कौतुकाने, काही वेळा चेष्टेनेही असेल. १९७५ साली मार्टिन गार्डनर यांनी 'सायंटिफिक अमेरिकन' मासिकातल्या आपल्या गाजलेल्या सदरात त्यांच्यावर लिहिले, तेव्हा कुठे जगभर त्यांचे नाव झाले. तेव्हा त्यांचे वय सत्तर होते. १९८६ साली ते गेले.

त्यांची सर्वात प्रसिद्ध संख्या ६१७४. सगळेच अंक सारखे नसतील अशी कोणतीही चार अंकी संख्या घ्या, अंक उतरत्या क्रमाने लावा, त्यातून चढत्या क्रमाने लावलेली संख्या वजा करा, आणि हेच करत राहा. जास्तीत जास्त सात पायऱ्यांत तुम्ही ६१७४ वर येऊन थांबता. मी त्यांचेच जन्मसाल घेऊन पाहिले. ९५१० वजा ०१५९ म्हणजे ९३५१. मग ८१७२, ७४४३, ३९९६, ६२६४, ४१७६ आणि सातव्या पायरीला ६१७४. जन्मसालाने बरोबर पुरत्या सात पायऱ्या घेतल्या!

आम्हा बँकवाल्यांना यात आणखी एक ओळखीचा चेहरा दिसतो. संगणक येण्यापूर्वी सहामाही क्लोजिंगला सगळी शाखा रात्री उशिरापर्यंत बसलेली असे. लेजरची बेरीज आणि जनरल लेजर जुळत नसे. फरक निघाला की जुनी जाणती मंडळी पहिली गोष्ट कोणती करत? फरकाला नवाने भागून पाहत. पूर्ण भाग गेला की म्हणत, 'कुणीतरी आकडे उलटे लिहिलेत, शोधा.' १८५४ च्या जागी १५८४ लिहिले तर फरक २७०, म्हणजे नवाची तीसपट. शेजारच्या दोन घरांतले अंक अदलाबदल झाले की फरक नेहमी नवाच्या पटीत येतो. कारण दहापट आणि एकपट यांतले अंतरच नऊ. कापरेकरांच्या वजाबाकीतही अंकांची फक्त उलथापालथ होते, म्हणून तिथली प्रत्येक बाकी नवाने भागली जाते, आणि ६१७४ सुद्धा. बँकेत आम्ही ज्या नियमाने फरक शोधला, त्याच नियमावर देवळालीच्या मास्तरांचा खेळ उभा होता.

आता पुन्हा आपल्या सतरा अंकी संख्येकडे वळू. तिच्या अंकांची बेरीज करा. एक ते नऊ म्हणजे पंचेचाळीस, आणि आठ ते एक म्हणजे छत्तीस. एकूण ८१, नवाचा वर्ग. आता संख्येलाच ८१ ने भागा. पूर्ण भाग जातो! भागाकार येतो १५२४१५७८९९७१०४१, आणि हा १२३४५६७९ चा वर्ग आहे. ज्या संख्येला तिच्या अंकांच्या बेरजेने पूर्ण भाग जातो तिलाही कापरेकरांनीच एक नाव दिले होते: हर्षद, म्हणजे हर्ष देणारी. डेम्लोच्या या पहिल्या नऊ संख्यांत हर्षद किती, ते मी कागदावर तपासून पाहिले. फक्त तीन निघतात: पहिली १, तिसरी १२३२१ आणि नववी, ही आपली. बाकीच्या सहांना भाग जात नाही. एकाच माणसाने दोन वेगळ्या कारणांनी ठेवलेली दोन नावे या एका संख्येवर येऊन बसतात.

इथे दोन आक्षेप येतात, आणि दोन्हींना उत्तर द्यायला हवे.

पहिला आक्षेप विद्वानांचा. रामानुजनांना केंब्रिजला बोलावून घेणारे थोर गणितज्ञ हार्डी यांनी १९४० साली गणिताच्या समर्थनार्थ एक पुस्तक लिहिले. त्यात त्यांनी ८७१२ आणि ९८०१ यांचे उदाहरण दिले आहे. चार अंकी संख्यांत आपल्याच उलट्या रूपाच्या पटीत असणाऱ्या याच दोन. ८७१२ ही २१७८ ची चौपट आणि ९८०१ ही १०८९ ची नऊपट. हे खरे आहे, पण कोडेवाल्यांच्या सदरात शोभणारे आहे, गणितज्ञाला त्यात रस वाटावे असे काही नाही, असा हार्डींचा अभिप्राय होता. त्यामागचा मुद्दा बिनतोड आहे. अंकांचे हे खेळ आपण दहाच्या पटीत लिहितो म्हणून जमतात. माणसाला आठ बोटे असती, तर ही शिखरे वेगळ्या ठिकाणी मोडली असती. संख्येचा स्वभाव वेगळा आणि तिचा पोशाख वेगळा. कापरेकर पोशाखाकडे पाहत राहिले, असे त्यांच्यावर हसणाऱ्यांचे म्हणणे असावे.

हार्डींशी वाद घालण्याची माझी पात्रता नाही. पण एवढे विचारावेसे वाटते, की मूल आईला प्रथम कशावरून ओळखते? तिच्या स्वभावावरून की पदरावरून? केंब्रिजच्या खोलीत जे क्षुल्लक ठरते ते लांज्याच्या वर्गातही क्षुल्लकच असते असे नाही. शिवाय हे खेळ खेळच राहतात असेही नाही. नऊ एकांचे अवयव पाडा. नऊ म्हणजे तीन गुणिले तीन, म्हणून ती संख्या १११ गुणिले १००१००१ अशी लगेच फुटते. मग साहजिकच प्रश्न पडतो: नुसत्या एकांनी लिहिलेली, पण न फुटणारी, म्हणजे मूळ संख्या कोणती? ११ आहे. १११ नाही, कारण ती तीन गुणिले सदतीस. पुढची थेट एकोणीस एकांची, मग तेवीस एकांची, मग तीनशे सतरा एकांची. १०३१ एकांची संख्या मूळ आहे हे १९८६ साली सिद्ध झाले, म्हणजे कापरेकर गेले त्याच वर्षी. ४९,०८१ एकांची सिद्ध व्हायला २०२२ साल उजाडावे लागले. अशा संख्या अनंत आहेत की कुठेतरी संपतात, हे आजपर्यंत जगातल्या एकाही गणितज्ञाला सांगता आलेले नाही. डोंबिवली स्टेशनावरून निघालेली वाट अशी थेट गणिताच्या कुंपणापर्यंत जाते.

दुसरा आक्षेप उलट्या बाजूचा आहे, आणि तो मला जास्त धोक्याचा वाटतो. मोबाईलवर सकाळी सकाळी जे निरोप येतात त्यांत ही संख्या अधूनमधून येते. सोबत कमळाचे चित्र, खाली 'देवाची लीला' किंवा 'आपल्या ऋषीमुनींना सारे ठाऊक होते'. पुढे पाठवा, पुण्य लागेल. आता आपल्या पूर्वजांना अशा संख्या ठाऊक होत्या हे खरेच आहे. नवव्या शतकात, राष्ट्रकूट राजा अमोघवर्षाच्या काळात, महावीराचार्यांनी 'गणितसारसंग्रह' लिहिला. त्यात २७९९४६८१ ला ४४१ ने गुणण्याचा प्रश्न आहे आणि उत्तर येते १२३४५६५४३२१. एकापासून सहापर्यंत चढणारी आणि उतरणारी माळच. पण लक्षात घ्या, महावीराचार्यांनी विद्यार्थ्याला ते उदाहरण सोडवायला दिले. हात जोडायला सांगितले नाही! चमत्कार म्हटले की विचारणे संपते. 'हातचा नाही म्हणून' हे उत्तर मिळाले तर आश्चर्य कमी होत नाही. उलट ते आपल्या मालकीचे होते.

गेल्या मे महिन्यात माझी नात आंबे खायला आली होती. सहावीत गेली आहे. गणिताचे नाव काढले की तिचा चेहरा परीक्षेच्या हॉलसारखा होतो. पावसाळी ढगांमुळे बाहेर जाता येईना, म्हणून तिला चौकटीचा कागद दिला आणि म्हटले, एक एक एक लिहून त्यालाच गुण. बारा हजार तीनशे एकवीस आले. चार एकांचे केलेस तर काय येईल, सांग. तिने आधी सांगितले आणि मग करून पाहिले. बरोबर आले तेव्हा तिने विचारले, "आजोबा, ह्याला मार्क किती?"

"शून्य," मी म्हटले. "हे परीक्षेत येत नाही."

ती थोडा वेळ माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "मग चुकलं तरी चालेल?" आणि नऊ एकांपर्यंत एका दमात गेली. दहाव्याला मधल्या रकान्यात अडकली. तिथून पुढे मी तोंड उघडले नाही. पाऊण तासाने ती ओरडली, "आजोबा, आठ गेला कुठं?" तिच्या आईने मला नंतर सांगितले, की गणितात हिने आपणहून विचारलेला हा पहिला प्रश्न.

मला काळजी वाटते ती याची. आकड्यांच्या दोनच जाती आपण मुलांना दाखवतो: मार्क आणि पैसे. दोन्हींत चुकण्याची भीती आहे. तिसरी जात, जिथे चुकले तरी कोणाचे काही जात नाही आणि बरोबर आले तर कोणाला काही मिळत नाही, ती आपण घरातून आणि शाळेतून हद्दपार केली. क्लासवाल्यांना दोष देऊन भागणार नाही. 'याचा पुढे उपयोग काय' हा प्रश्न आपणच मुलांच्या आधी विचारतो. गाणे शिकणाऱ्या मुलीला कोणी विचारत नाही, भूप रागाचा उपयोग काय म्हणून.

आपला रत्नागिरी जिल्हा या बाबतीत विचार करण्यासारखा आहे. लोकमान्य टिळक इथे जन्मले. ते न्यू इंग्लिश स्कूलमध्ये गणित शिकवत. धोंडो केशव कर्वे दापोलीजवळच्या मुरुडचे. फर्ग्युसनमध्ये ते गणिताचे प्राध्यापक होते. त्यांच्या नात्यातले रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे मुर्डीचे. १८९९ साली केंब्रिजला सीनियर रँग्लर झाले आणि पुढे फर्ग्युसनचे प्राचार्य. तीन गणिताचे मास्तर, आणि आपण त्यांना गणितासाठी फारसे आठवत नाही. त्यांतल्या परांजप्यांच्या नावाने फर्ग्युसनमध्ये गणिताचे एक पारितोषिक होते. १९२७ साली ते कोणाला मिळाले? डहाणूच्या कारकुनाच्या मुलाला, कापरेकरांना. लाल मातीतल्या एका खेड्यातून निघालेल्या मुलाच्या नावाने दुसऱ्या एका मुलाच्या पाठीवर अशी थाप पडली. अशा थापेची किंमत कुठल्याच ताळेबंदात दिसत नाही, पण तिचे व्याज अजून येते आहे.

माझी सूचना अगदी साधी आहे. खर्च शून्य, सरकारी मंजुरीची गरज नाही. शाळांनी आठवड्यातला एक तास बिनमार्कांच्या गणिताला द्यावा. त्या तासाची वही तपासू नये, प्रगतिपुस्तकात त्याची नोंद करू नये. त्या तासाला तीनच प्रश्न असावेत: हे असे का होते? हे कुठपर्यंत टिकते? आणि मोडते तिथे नेमके काय मोडते? या तीन प्रश्नांत गणिताचे सगळे शील आहे. कापरेकर गुरुजींनी बत्तीस वर्षे शाळा सांभाळून हेच केले. अशी माणसे आजही शाळांतून असतील. त्यांच्या मागचे निवडणुकीचे, जनगणनेचे आणि अहवालांचे काम थोडे कमी केले तर ती दिसू लागतील.

आणि घरी? आज रविवार आहे. पेन्सिल आणि चौकटीचा कागद घ्या, संगणक बंद ठेवा. त्याचा या कामी उपयोगही नाही. एक्सेलच्या तक्त्यात आपली ही सतरा अंकी संख्या टाकलीत तर तो पंधरा अंक धरतो आणि शेवटच्या २१ च्या जागी दोन शून्ये ठेवून देतो. त्याची धाव तेवढीच. सहावीतल्या मुलीच्या पेन्सिलीला तशी मर्यादा नाही. मुलांना नऊ एकांपर्यंत स्वतः जाऊ द्या, दहाव्याला अडखळू द्या. तिथून पुढे अकरा एकांचा वर्ग तुम्ही आणि त्यांनी मिळून करा. उत्तर मी इथे देत नाही. एकवीस अंकी येते, एवढेच सांगतो; आणि हातचे सांभाळा.